झीज वगळता

आंबेगाव पठार, तिसरा मजला. लिफ्टच्या दारावर
गेल्या दिवाळीपासून तीच चिठ्ठी.
पाठीला लॅपटॉप, खिशात अंगठ्याचं यंत्र,
जिन्यात कुणीतरी लसूण परततंय.
मी भाडेकरार घरपोच करतो,
नोंदणीसह, पावतीसह, रविवारीसुद्धा.

परिशिष्टात लिहिलं : पंखा एक, ट्यूब दोन,
गिझर एक (चालू), पडद्यांच्या दांड्या तीन.
परवाना देणार : हौसाबाई किसन दांगट, वय अडुसष्ट.
परवाना घेणार : शबनम युनूस आतार, वय सव्वीस,
रात्रपाळीची नर्स, मूळ राहणार परळी,
जिला पाच सोसायट्यांनी
आधी आडनाव विचारलं, मग फोन ठेवला.
हौसाबाईंनी एवढंच विचारलं :
भांडी सवता घासणार का बाई लावणार?
स्वतः.
मग काथ्या वापर. तारेची घासणी नको, हात जातात.
डिपॉझिट त्यानंतर ठरलं.

मी कलमं वाचून दाखवतो. सहसा कुणी दाखवत नाही.
सदर जागेचा कायदेशीर ताबा मालकाकडेच राहील.
परवाना घेणारीस सदर जागेत
कोणताही हक्क वा हितसंबंध प्राप्त होणार नाही.
डॉक्टर बोलत असताना नातेवाईक डोलावतात
तशी शबनम मान डोलावत होती.

‘अकराच महिने का?’ हौसाबाई मध्येच.
‘बारावा कुठं जातो?’

आठ वर्षं झाली मला या धंद्यात.
अधिक महिना कुठून येतो ते गुरुजी सांगतात,
हा बारावा कुठं जातो, खरंच ठाऊक नाही.
पद्धत आहे, म्हटलं,
आणि पुढचं कलम घेतलं :
मुदत संपताच जागा,
नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता,
होती तशी परत करावी.

मग अंगठे.
शबनमचा एका दमात. हिरवा.
हौसाबाईंचा लाल.
पदराला पुसून लाल. केसांवरून फिरवून लाल.
माझ्याकडे व्हॅसलीनची डबी असते, तीही झाली.
डावा अंगठा, लाल.
यंत्राचं म्हणणं, ही बाई ती बाई नव्हे.

बत्तीस वर्षं मंगल कार्यालयात भांडी, त्या म्हणाल्या,
एका लग्नाची चारशे ताटं, वर कढया.
त्यातनंच ही खोली.
‘शोधा की. इथंच असंल कुठंतरी,
फरशीत गेला असंल.’
आम्ही तिघंही हसलो, आणि मग
कुणालाच पुढं काय बोलावं सुचेना.

शबनमनं त्यांचा हात ओढून घेतला
शीर शोधताना घेतात तसा,
दोन्ही तळव्यांत धरून चोळला.
थंड आहेत हो, म्हणाली.
मग एकेक बोट काचेवर.
तर्जनी नाही. मधलं नाही. अनामिका
क्षणभर विचारात पडल्यासारखी, मग नाही.

करंगळी. हिरवा.

हौसाबाईंनी करंगळी डोळ्यांजवळ नेली.
घासताना ही बाहेरच राहायची, म्हणाल्या.
‘आळशी मेली.’

पावती झाली. पोलीस ठाण्याचा फॉर्म,
भाडेकरूचा फोटो, ओळखणाऱ्या दोघांची नावं.
मी ही कागदपत्रं रोज भरतो.
धायरीत मी सहा वर्षं राहतो ती खोली मात्र तोंडी.
मालक भला माणूस आहे,
विषय काढला की म्हणतो,
करू की, पुढच्या महिन्यात.

जिना उतरताना लसूण करपल्याचा वास आला.
खिशातल्या यंत्राच्या काचेवर
व्हॅसलीनमध्ये उठलेली करंगळी
पुसायची राहिली होती.
पुढचा करार नऱ्ह्यात, साडेसातला.
गाडीला किक मारली. पुसू तिथं जाऊन.